बाविसाव्या दिवसाचं काय?

माझा एक जुना विद्यार्थी हल्ली लाइफ कोच आहे. बी.ए.ला त्याचं मानसशास्त्र होतं, माझ्याच वर्गात. पुढे दहाएक वर्षं विम्याच्या धंद्यात काढून तो या व्यवसायात शिरला आणि मुळातच जिभेवर साखर असल्यामुळे त्याचा जमही लवकर बसला. गेल्या महिन्यात त्याने एका व्यापारी मंडळाच्या अंकात लेख लिहिला आणि मला कौतुकाने पाठवला. लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: पर्सनल कोचिंग म्हणजे ग्रंथालयाच्या कपाटातून बाहेर काढलेलं मानसशास्त्र, थेरपी माणसाचा भूतकाळ उकरत बसते, कोचिंग त्याचं भविष्य घडवतं, आणि म्हणूनच कोचिंगने झालेला बदल टिकाऊ असतो. शेवटी एक वाक्य होतं, की प्राध्यापक मंडळी जे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत राहिली ते आम्ही तीन दिवसांत लोकांच्या आयुष्यात उतरवतो. हा टोमणा मला उद्देशून होता असं मी समजत नाही. पण लागला. तेव्हा या उत्तरात थोडी खुन्नस उतरली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. कोचिंग म्हणजे सगळं थोतांड, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. २०१४ साली नेदरलँड्समधल्या तीन संशोधकांनी तोवर झालेले १८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कोचिंग घेतलेल्या माणसांची कामगिरी, मनःस्थिती, ताण सोसण्याची तऱ्हा आणि ठरवलेल्या ध्येयाच्या मागे लागण्याची चिकाटी, या सगळ्यांत फायदा दिसला. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात अँथनी ग्रँट यांनी २००० साली कोचिंग सायकॉलॉजीचा स्वतंत्र विभागच उभा केला होता. एक शहाणा माणूस समोर बसून नीट प्रश्न विचारतो, ऐकून घेतो, पुढच्या भेटीत ‘मागच्या वेळी ठरलं होतं त्याचं काय झालं’ असं विचारतो, यात गुण न येईल तरच नवल. माझं भांडण त्या लेखातल्या दोनच शब्दांशी आहे. एक ‘मानसशास्त्र’ आणि दुसरा ‘टिकाऊ’.

त्याच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं आहे: ‘२१ दिवसांत नवी सवय – विज्ञानाने सिद्ध’. हा एकवीसचा आकडा कुठून आला? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. नाक, कान, चेहरा दुरुस्त करून घेतलेल्या रुग्णांना आरशातला नवा चेहरा आपला वाटायला वेळ लागतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. १९६० साली आलेल्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्याने लिहिलं की याला साधारण किमान २१ दिवस लागतात. म्हणजे बघा, गोष्ट होती चेहऱ्याची आणि शब्द होता ‘किमान’. पुढे चेहऱ्याच्या जागी सवय आली आणि ‘किमान’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला. उरलं ते विज्ञान!

सवयीचा खराखुरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी केला. ९६ जणांनी स्वतःच्या मनाने एकेक साधी गोष्ट निवडली. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर पाणी पिणं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं. बारा आठवडे ती गोष्ट रोज करायची आणि ती किती आपोआप होते याची नोंद ठेवायची. हिशोब मांडल्यावर मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण खरी मेख त्याच्या दोन्ही टोकांना आहे. एखाद्याला १८ दिवस पुरले, तर एखाद्याचा हिशोब २५४ दिवसांवर गेला. एका टोकाला अडीच आठवडे, दुसऱ्या टोकाला आठ महिन्यांहून जास्त! पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडते, व्यायाम पडत नाही. आणि आणखी एक: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, असं त्यात दिसलं. आमच्या कोचमहाशयांच्या वहीत मात्र नियम असा आहे, की एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सातव्या दिवशी घरात पाहुणे आले, नेम चुकला आणि ‘आपल्याला काही जमत नाही’ म्हणून वही माळ्यावर टाकलेले दोघे तरी माझ्या ओळखीत आहेत. लॅलीचा शोधनिबंध वाचला असता तर आठव्या दिवशी ते निमूटपणे पुढे लागले असते.

मला याबाबतीत माझी आजी जास्त शास्त्रशुद्ध वाटते. ती नेम धरायची तो चातुर्मासाचा. चांगले चार महिने. त्यातही ‘मी या वर्षी अधिक धार्मिक होईन’ असला मोघम कारभार नसे. आंघोळ झाली की तुळशीला पाणी, दिवेलागण झाली की एक अध्याय. अमुक झालं की तमुक. मानसशास्त्रात याला फार उशिरा नाव मिळालं. पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलं, की ‘मी व्यायाम करेन’ असा नुसता निश्चय करण्यापेक्षा ‘ऑफिसातून आलो की चपला न काढता तसाच फिरायला जाईन’ अशी जर-तरची गाठ मारली तर गोष्ट घडण्याची शक्यता बरीच वाढते. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात परिणाम मध्यम ते मोठा निघाला. कोचिंगला मानसशास्त्रातून काही उचलायचंच असेल तर हे उचलावं. अडचण एवढीच, की हे शिकवायला अर्धा तास पुरतो. तीन दिवसांची फी त्याला लावता येत नाही.

आता त्याच्या शिबिरातल्या निखाऱ्यांकडे वळू.

माझ्या या विद्यार्थ्याच्या आग्रहाखातर मी एका शिबिराला हजेरी लावली होती. हॉटेलचा हॉल, थंडगार एसी, छातीत घुमणारं संगीत आणि दोनेकशे माणसं. दुसऱ्या दिवशी रात्री सगळ्यांना मागच्या लॉनवर नेलं. तिथे पेटवलेल्या लाकडांचे निखारे पसरून पट्टा केला होता. चिठ्ठीवर आपली भीती लिहायची, चिठ्ठी आगीत टाकायची आणि अनवाणी पलीकडे जायचं. माणसं गेली. पलीकडे पोचल्यावर रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. मग माइकवरून घोषणा झाली: ‘तुमच्या माइंडसेटने आगीला हरवलंय!’

माझ्या शेजारी उभा असलेला एक शिक्षक हळूच म्हणाला, ‘आमच्या जत्रेत फुकट असतं हे.’ जत्रेत ते देवीच्या नावाने होतं, इथे मेंदूच्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी निखाऱ्यांवरून चालणं लोकांना करून दाखवलं आहे, आणि त्याचं कारणही सांगितलं आहे. लाकडाचा कोळसा आणि वरची राख उष्णता फार सावकाश वाहून नेतात, आणि चालणाऱ्याचं पाऊल तिथे सेकंदभरही टेकत नाही. देवी प्रसन्न असो वा नसो, माइंडसेट तयार असो वा नसो, भराभर चाललात तर बहुधा निभावतं. रेंगाळलात तर भाजतं. २०१२ साली कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे टोनी रॉबिन्स यांच्या कार्यक्रमात असंच चालल्यावर २१ जणांवर भाजल्याचे उपचार करावे लागले. त्यांचा माइंडसेट कच्चा होता म्हणायचं का?

‘सर, भौतिकशास्त्र काहीही असो, आत्मविश्वास तर वाढतो ना?’ हा त्याचा प्रश्न. वाढतो, त्या रात्रीपुरता. पण आत्मविश्वासाचा अभ्यासही झालेला आहे. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली ‘मला हे जमेल’ या भावनेचा सिद्धांत मांडला. त्यात ही भावना येण्याची सगळ्यांत भक्कम वाट म्हणून त्यांनी काय सांगितलं? तेच काम प्रत्यक्ष करून यश मिळणं. ‘जमेल’ ही भावना बहुतांशी त्या-त्या कामापुरती असते. पोहता येणाऱ्याला त्यामुळे भाषण येत नाही. ज्या दुकानदाराला थकलेली उधारी मागायची लाज वाटते, त्याने निखाऱ्यांवरून कितीही फेऱ्या मारल्या तरी सोमवारी त्या गिऱ्हाइकासमोर त्याची जीभ अडखळणारच. त्याला एक लहान उधारी मागायला लावा, ओळखीच्या, सौम्य गिऱ्हाइकाकडे. मग जरा मोठी. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचा व्हिडिओ होत नाही आणि त्यावर कुणी रडत नाही. पण बांडुरा म्हणतात ते हे.

थेरपी भूतकाळात अडकते, हे विधान ऐकलं की मला कळतं, समोरच्याने मानसोपचार हिंदी सिनेमात पाहिलेत. मानसोपचार म्हटलं की दाढीवाला डॉक्टर आणि हातातला झुलता गोळा आठवणं जितकं चुकीचं, तितकंच हे. आल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी पद्धत मांडायला सुरुवात केली, तिचा सगळा रोख आज, आत्ता, डोक्यात चाललेल्या वाक्यांवर आहे. महाराष्ट्रात हे सांगायची तरी गरज पडू नये. विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ती पद्धत मराठीत रुजली आहे. ठाण्याच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी ती गेली कित्येक वर्षं मराठीतून मांडत आले आहेत. आणि एलिस यांचं मुख्य म्हणणं काय? माणसाला त्रास होतो तो त्याच्या ‘च’मुळे. मला यश मिळालं‘च’ पाहिजे, लोकांनी मला मानलं‘च’ पाहिजे. इच्छा असावी, पण तिचा हट्ट झाला की मन आजारी पडायला लागतं.

आता त्या हॉलमधली घोषणा ऐका. ‘मला जिंकायचंच आहे!’ दोनशे गळ्यांतून, मूठ वर करून, दहा वेळा. एलिस ज्या वाक्याला आजाराचं मूळ म्हणत, ते इथे औषध म्हणून पाजलं जात होतं. आणि यालाच मानसशास्त्राचं उपयोजन म्हणायचं!

आरशासमोर उभं राहून स्वतःविषयी गोड वाक्यं म्हणण्याचंही तसंच. २००९ साली कॅनडातल्या जोआन वुड यांच्या गटाने हे तपासलं. ज्यांचं स्वतःविषयीचं मत आधीच बरं होतं त्यांना अशा वाक्यांनी किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा उपाय सांगितला जातो, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. माणूस मूर्ख नसतो. ओठ ‘मी छान आहे’ म्हणतात तेव्हा आतून कुणीतरी लगेच पुरावे मागतं. गाब्रिएले ओटिंगेन यांनी तर वजन घटवायला आलेल्या स्त्रियांच्या बाबतीत पाहिलं, की आपण सडपातळ झाल्याची गुलाबी चित्रं रंगवणाऱ्यांचं वजन कमी घटलं. ‘मला हे जमेल’ अशी रास्त अपेक्षा ठेवणाऱ्यांचं जास्त घटलं. अपेक्षा वेगळी आणि दिवास्वप्न वेगळं, हा फरक व्हिजन बोर्ड चिकटवणाऱ्यांना कुणी सांगत नाही. (आणि ध्येयं लिहून ठेवणारे येल विद्यापीठाचे ते सुप्रसिद्ध ३ टक्के विद्यार्थी, जे पुढे बाकीच्या ९७ टक्क्यांहून श्रीमंत झाले, त्यांचा अभ्यास कधी झालाच नाही. हे अमेरिकेत १९९६ सालीच छापून आलंय. इथे अजून स्लाइडवर आहे.)

त्या शिबिरातली एक बाई माझ्या डोक्यातून जात नाहीत. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी उठून म्हणाल्या, पहाटे चारला उठते, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, तुम्ही सांगता तसा स्वतःसाठी तास कुठून काढू? मंचावरून उत्तर आलं: ‘वेळ नाही म्हणजे प्रायॉरिटी नाही. हा तुमचा लिमिटिंग बिलीफ आहे.’ टाळ्या झाल्या. बाई खाली बसल्या.

माझ्या मते त्या उत्तरात या धंद्याचं सगळं मर्म आहे. बदल झाला तर श्रेय पद्धतीचं, नाही झाला तर दोष तुमच्या श्रद्धेचा. अंगारा लागू पडला तर बाबा खरे, नाही पडला तर तुमची भक्ती कमी पडली. जो दावा कुठल्याच परिस्थितीत खोटा ठरू शकत नाही त्याला शास्त्र म्हणत नाहीत. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणूस आतून कशाने हलतो याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या लेखी तीन गोष्टी लागतात: निर्णय आपल्या हातात असल्याची जाणीव, जमतंय ही जाणीव आणि माणसांचा आधार. त्या बाईंना तिसरी गोष्ट हवी होती. सासूबाईंजवळ रोज तासभर बसणारं कुणीतरी. नणंद, शेजारीण, पगारी बाई, कुणीही. खऱ्या कोचने हॉलबाहेर नेऊन त्यांना तेवढंच विचारलं असतं: घरात आणखी कोण कोण आहे?

विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारू सोडू पाहणाऱ्यांबरोबरच्या कामातून बोलण्याची एक रीत मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी ती वाढवली. तिचा गाभा असा, की तुम्ही माणसाला बदलायची कारणं ऐकवायला लागलात की तो बदल न करण्याची कारणं सांगायला लागतो. ज्याच्या घरात दारू पिणारं माणूस आहे त्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. म्हणून कारणं त्याच्या तोंडून येऊ द्यायची, आपण फक्त वाट काढून द्यायची. या कसोटीवर तो हॉल पाहा. तीन दिवसांत बोललं कोण? एकच माणूस, माइक घेऊन.

त्याच्या लेखातला एक मुद्दा मात्र मला अडवतो. तो लिहितो, की देशात मानसोपचार करणारे आहेतच किती? आम्ही निदान लोकांपर्यंत पोचतो. बरोबर आहे. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आमच्या प्राध्यापकी पिढीनेही ही दरी बुजवायला फार काही केलं असं मला म्हणवत नाही. पण याच कारणासाठी मला कोचची भीती वाटते. त्या ७० ते ९२ टक्क्यांतला कुणीतरी उद्या ‘मोटिव्हेशन वाटत नाही’ म्हणून याच्याच दारात येणार. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, सकाळी उठवत नाही. याला आळस म्हणायचं की नैराश्य, हे ओळखायचं शिक्षण याच्याकडे नाही, आणि ‘हे माझं काम नाही, डॉक्टरांकडे जा’ असं म्हणण्यात याचं गिऱ्हाईक जातं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बसायचं तर १९९२च्या कायद्यानुसार पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कोच व्हायला व्हिजिटिंग कार्ड पुरतं. आणि फी जेव्हा कंपनी भरते, तेव्हा कर्मचाऱ्याने बंद खोलीत सांगितलेलं एच.आर.च्या टेबलावर जाणार नाही याची हमी कोणता कायदा देतो? या व्यवसायाची सगळ्यांत मोठी जागतिक संघटना १९९५ साली थॉमस लिओनार्ड यांनी स्थापन केली. ते पेशाने आर्थिक सल्लागार होते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त मग वंशावळ मानसशास्त्राची सांगू नये. निदान माहितीपत्रकाच्या तळाशी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर तरी छापावा. फुकट आहे.

राहिला ‘टिकाऊ’. टिकाऊपणा मोजायचा तर नंतर जाऊन बघावं लागतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. तिथे दाखल होऊन राहण्याचे दिवस संपले म्हणजे काम संपलं असं कुणी मानत नाही. पाठपुरावा असतो, घरच्यांना सामील करून घेतलेलं असतं, आणि कुणी पुन्हा पिऊन आला तर तो का घसरला याचा विचार होतो. तीन दिवसांत आयुष्य बदलल्याचा दाखला तिथे कुणी देत नाही. व्यसन सोडवणारे सावध बोलतात, कारण त्यांनी बाविसावा दिवस पाहिलेला असतो. दोनशेबाविसावाही.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. लिहून छापण्याआधी सांगावं म्हणून. त्याने शांतपणे ऐकलं, हे मान्य केलं पाहिजे. मी म्हटलं, बाकी वाद राहू दे, एकच कर. मागच्या वर्षीच्या दोनशे लोकांपैकी वीस जणांना फोन लाव आणि विचार, काय टिकलं, काय सुटलं. जे येईल ते पुढच्या माहितीपत्रकात छाप. तुझ्याकडे नंबर असतीलच.

‘नंबर सगळ्यांचे आहेत, सर,’ तो म्हणाला. ‘लेव्हल टूचे मेसेज त्यांनाच जातात.’